शेपूचे अकरा बुधवार

मोरेश्वरगुरुजींना मी पहिल्याच दिवशी वर्गाच्या दारात उभं करून ठेवलं होतं, आणि तेही मुद्दाम. आता इतक्या वर्षांनी कबूल करायला काय हरकत आहे!

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात मी नुकतीच मानसशास्त्र शिकवायला लागले होते. वय सव्वीस, अंगावर कडक इस्त्रीची साडी आणि डोक्यात एम.ए.ची हवा. सकाळचा पहिला तास. हजेरी संपत आली होती, तेवढ्यात दारात एक चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांचे गृहस्थ येऊन उभे राहिले. धोतर, उपरणं, शेंडी, कपाळावर गंध आणि काखेत दोनशे पानी वही. मला वाटलं, कुणीतरी वर्गणी मागायला आलंय. तर हे हात जोडून म्हणतात, "मॅडम, येऊ का आत?"

आता माझ्या मनात काय आलं ते सांगते. माझे आजोबा पंचवटीतल्या देवळाच्या दारात सत्याग्रहाला उभे राहिले होते. एक-दोन दिवस नाही, महिनोन्महिने. आत काही कुणी घेतलं नाही. पुढे आमचं सगळं घर बौद्ध झालं, देव गेले, पोथ्या गेल्या, पण ती दाराची गोष्ट काही घरातून गेली नाही. आणि इथे त्याच पंचवटीतले एक भटजी माझ्या दारात उभे राहून आत येऊ का म्हणून विचारत होते! मी हजेरीपटात डोकं घातलं आणि उरलेली नावं अगदी सावकाश घेतली. मग म्हटलं, "या."

ते आत आले आणि पहिल्या बाकावर बसले. पुढची चार वर्षं ती जागा त्यांनी सोडली नाही.

गुरुजी पिढीजात उपाध्ये. रामकुंडावर श्राद्ध, शांत, दशक्रिया असलं सगळं करणारे. कधीकाळी मॅट्रिकपर्यंत शिकून सोडलेलं, ते आता बी.ए. करायला आले होते, आणि तेही मानसशास्त्रात. मी न राहवून विचारलं, "गुरुजी, तुम्हाला याचा काय उपयोग?"

"मॅडम, यजमान येतो तो म्हणतो, घरात शांती नाही, काहीतरी करा. मी त्याच्या तोंडाकडे बघतो आणि अंदाज बांधतो. पंचवीस वर्षं अंदाजावरच धंदा चाललाय. म्हटलं, एकदा तपासून घ्यावा."

असा विद्यार्थी कुणाच्या वाट्याला येऊ नये! पोरं बिचारी डिक्टेशन मागायची, हे प्रश्न मागायचे. एकदा मी एका रोग्याचं उदाहरण देत होते. बाई दिवसातून चाळीस वेळा हात धुते, कुणाचा स्पर्श झाला की पुन्हा धुते, त्यापायी घरदार हैराण. गुरुजींनी हात वर केला.

"मॅडम, आमच्या गल्लीत याला सोवळं म्हणतात."

वर्गात हशा फुटला. मीही हसले, आणि आतून जरा जास्तच हसले. पण गुरुजी हसत नव्हते. "विनोद नाही करत. आमची आत्या ओलेत्याने स्वयंपाक करायची. शिवलं कुणी की पुन्हा आंघोळ. मग ती आजारी होती की धार्मिक होती? ओळखायचं कसं?"

घंटा झाली म्हणून सुटले. दुसऱ्या दिवशी हे तासाच्या आधीच दारात हजर. "सापडलं, मॅडम. सोवळं सुटतं. जेवणं झाली की आत्या सोवळं सोडून शेजारणीशी गप्पा मारायला बसायची. तुमच्या त्या बाईला सोडताच येत नाही. सुटतं तो धर्म, सुटत नाही तो आजार."

मग डावी भुवई उडवून म्हणाले, "अर्थात आमच्यातल्या काहींचं सोवळं अजून सुटलेलं नाही. त्यांना तुमच्याकडे पाठवतो."

ही डावी भुवई म्हणजे गुरुजींची खूण होती. ती वर गेली की समजायचं, गडी काहीतरी उद्योग करून बसलाय.

असाच एक उद्योग मी डोळ्यांनी पाहिला. चांदवडकडचे दोन भाऊ, कांद्याचे बागायतदार. बाप गेल्यावर बांधावरून बिनसलं आणि सहा वर्षं एकमेकांशी अबोला. मग एकाचा बैल मेला, दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी आटलं, आणि कुणीतरी डोक्यात भरवलं की बापाचा आत्मा अडकलाय. दोघे वेगवेगळ्या यष्टीने गुरुजींकडे आले. गुरुजींनी पोथी काढली, डोळे मिटले, बोटांवर काहीतरी मोजलं आणि विधी सांगितला. पाण्याची एक मोठी घागर बांबूला अडकवायची, बांबूचं एक टोक याच्या खांद्यावर आणि एक त्याच्या. रामकुंडापासून वरच्या पिंपळापर्यंत न्यायची. जाताना पावलं मोठ्यानं मोजायची. थोरल्याने एक म्हणायचं, धाकट्याने दोन, थोरल्याने तीन. चुकलं की घागर रिकामी करून पहिल्यापासून. असे सात सोमवार.

तिसऱ्या सोमवारी मी मुद्दाम बघायला गेले. घागर वाटेतच खाली ठेवलेली आणि दोघे भाऊ तावातावाने भांडत होते.

"एकशेतेरा माझं व्हतं! तू कसा म्हनलास?"

"तू झोपला व्हता का? म्या एकशेबारा म्हनून दमलो, तू बोलंनाच!"

"लय खोटारडा हाय तू, ल्हानपनापासून!"

"आन् तू नाय व्हय? आबाच्या गुळाच्या ढेपीला कोन शिवलं व्हतं?"

मग धाकटा हसला. थोरल्याने तोंड फिरवलं, पण त्याचेही खांदे हलत होते. गुरुजी पायरीवर बसून जानव्याला गाठ मारत होते, जणू यांचा आणि त्यांचा काही संबंधच नाही.

"गुरुजी, हा विधी कुठे लिहिलाय?" मी हळूच विचारलं.

"शास्त्रात आहे."

"कुठल्या?"

"तुमच्या. दुसऱ्या वर्षाचं पुस्तक, भांडणाऱ्या दोन गटांना एकच काम द्यावं, तो धडा. तुम्हीच शिकवलात ना?" आणि भुवई वर.

मला राग यावा की हसू, कळेना. मी म्हटलं, "ही शुद्ध फसवणूक आहे. सरळ सांगा ना त्यांना, एकमेकांशी बोला म्हणून."

"सहा वर्षं सगळं गाव तेच सांगतंय. ऐकलं का? मॅडम, माणसाला बरं वाटायचं असतं, पण आपण होऊन वाकायचं नसतं. देवाने वाकवलं तर चालतं." मग गुरुजींनी मला त्यांचा मंत्र सांगितला. "डोळ्यात डोळे घालून बघायचं. एक आकडा सांगायचा. आणि कारण अजिबात सांगायचं नाही. कारण सांगितलं की यजमान वाद घालतो."

एक मात्र खरं. खऱ्या दुखण्याशी या माणसाने खेळ केला नाही. पेठकडच्या एका बाईला झटके यायचे. नवरा कोंबडं, नारळ, सगळं घेऊन आला होता. गुरुजींनी नारळ परत दिला आणि स्वतः त्या दोघांना घेऊन सरकारी दवाखान्यापर्यंत चालत गेले. तिथे डॉक्टर दुपारी येणार म्हटल्यावर बाकावर बसून राहिले. त्या दिवशीचं श्राद्ध चुकलं, यजमानाची बोलणी खाल्ली. त्या यजमानालाही तेच सांगितलं, दवाखान्यात नेणं शास्त्रात आहे म्हणून.

एवढं सगळ्या जगाचं कळणारा हा माणूस, घरात मात्र ठार बहिरा. हे मला कळलं शांताकाकूंकडून, म्हणजे गुरुजींच्या मंडळींकडून. मी पहिल्यांदा पंचवटीत त्यांच्या घरी गेले, तेव्हा उंबऱ्याशी पाय अडखळलाच. काकू आतूनच ओरडल्या, "अगं ये की आत! तिथे काय मुहूर्त बघतेस? इकडे ये, चुलीपाशी, धूर सहन होत असेल तर." मला पाटावर बसवून हातात शेपूची जुडी दिली आणि म्हणाल्या, "नीस जरा." गुरुजी ओसरीवरून हे बघत होते. निसता निसता मी काकूंना आजोबांची ती दाराची गोष्ट सांगितली, ती ओसरीवर ऐकू जात होतीच.

मूलबाळ नव्हतं. काकू बोलायला लागल्या की थांबत नसत, कारण ऐकायला कुणी नव्हतं. "जगाचं गाऱ्हाणं ऐकतात गं. मी तोंड उघडलं की संध्येला बसतात. संध्या झालेली असली तर एखादा श्लोक म्हणतात. संस्कृतातलं मला काय कळतंय! गप्प बसते."

"आणि शेपू? गुरुजींना तर वाससुद्धा सहन होत नाही म्हणत होते."

"म्हणून तर आणते!" काकू खुदकन हसल्या. "दर बुधवारी बाजारात जाते आणि मुद्दाम शेपू घेते. तेवढ्यापुरते तरी मराठीत भांडतात माझ्याशी."

बुधवारचा बाजार म्हणजे गोदावरीच्या काठी, पार पात्रापर्यंत पसरलेला. मळ्यातल्या बायका पाट्या घेऊन पहाटे येतात. काकू तिथून चौकड्याच्या दोन जड पिशव्या घेऊन एकट्या चढ चढायच्या. भटजीने भाजीची पिशवी धरायची म्हणजे काय, छे!

गुरुजी बी.ए. झाले, सेकंड क्लास. पेढे द्यायला आले तेव्हा काकूही सोबत होत्या, नवी साडी नेसून. पुढच्याच वर्षी, पावसाळा संपता संपता, काकू आठ दिवसांच्या तापाने गेल्या.

मी भेटून आले. गुरुजी शांत होते, फार शांत. नंतर कानावर यायला लागलं की यजमान दारातून परत जाताहेत. गुरुजी कुणाला काही सांगतच नाहीत. श्राद्धपक्षाचं कसंबसं उरकतात, पण कुणी मनातलं बोलायला बसलं की उठून आत जातात.

आणि एका रविवारी ते आमच्या घरी आले. नाशिकरोडला, आमच्या वसाहतीत. दार माझ्या वडिलांनी उघडलं. वडील छापखान्यातून रिटायर झालेले, कमी बोलणारे. बाहेर शेंडी, उपरणं बघून त्यांचा चेहरा जरा बदललाच. गुरुजींनी हात जोडले. "येऊ का आत?"

"या," वडील म्हणाले. "आमच्याकडे कुणाला दारात उभं करत नाहीत."

गुरुजी आत आले, बुद्धाच्या तसबिरीखालच्या खुर्चीवर बसले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, पहिल्या दिवशी तुम्ही मला सव्वा मिनिट उभं केलं होतंत. मी मोजलं."

माझे कान तापले. वडील माझ्याकडे बघायला लागले.

"कमीच होतं," गुरुजी म्हणाले. "तुमचे आजोबा बाहेर होते तेव्हा माझे वडील आत होते. ते सांगायचं राहून जात होतं. माझं सगळंच सांगायचं राहून जातं."

मग ते बोलले. "शांतेच्या दहाव्याला चुलतभाऊ मंत्र सांगत होता. तीन ठिकाणी चुकला. तिन्ही चुका मी काढल्या. मॅडम, माझी बायको गेली होती आणि मी चुका काढत बसलो होतो! कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, सुटली. मला काहीच वाटलं नाही. दोन महिने झाले, झोप नाही, रडू नाही. विधी सगळे येतात, पण ते माणसाच्या मनावर कसे चालतात तेही आता कळतं. आचाऱ्याला स्वतःच्या हातचं जेवण जात नाही, तसं झालंय. तुम्ही मला एक विधी सांगा. मला माहीत नसलेला."

"मी?" मी उडालेच. "गुरुजी, आम्ही हे सगळं सोडून वीस-बावीस वर्षं झाली!"

"म्हणूनच आलो. बाकी सगळ्यांचे मला पाठ आहेत."

मला खरंच रडू येत होतं. या माणसाला झोप येणार की नाही, तो पुन्हा कुणाशी बोलणार की नाही, हे माझ्या हातात होतं, आणि माझ्या सगळ्या पुस्तकांत त्याच्यासाठी एक ओळ नव्हती. मग मला काकूंची पिशवी आठवली. मी खुर्ची पुढे ओढली आणि गुरुजींच्या डोळ्यात डोळे घालून बघितलं.

"अकरा बुधवार," मी म्हटलं. "बुधवारच्या बाजारात स्वतः जायचं, पायी. शेपूची एक जुडी घ्यायची."

"शेपू?" गुरुजींचं तोंड कसनुसं झालं.

"शेपूच. स्वतः निसायचा, स्वतः करायचा. दोन पानं वाढायची. आपलं पान रिकामं होईपर्यंत समोरच्या पानाशी बोलायचं. मोठ्यानं. जे सांगायचं राहिलंय ते. आणि सगळं मराठीत. संस्कृत एक शब्द चालणार नाही."

"संकल्पापुरतं तरी?"

"नाही."

"अकराच का?"

मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

"याला आधार काय, मॅडम?"

"शास्त्रात आहे," मी म्हटलं. पापणी लवू दिली नाही.

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मग डावी भुवई जरा हलली. पुरती वर गेली नाही, पण हलली. बोटांवर बुधवार मोजले, आमच्याकडचा चहा प्यायले आणि उठले.

ते गेल्यावर वडील पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "आपण एक पोथी सोडली. तू दुसरी लिहायला घेतलीस वाटतं?"

"एकाच माणसापुरती आहे, दादा."

"सगळ्या पोथ्या तशाच सुरू होतात," वडील म्हणाले आणि पान उलटलं.

चार-पाच आठवड्यांनी गुरुजी कॉलेजच्या फाटकाशी उभे दिसले. डोळे सुजलेले.

"मॅडम, परवा भांडण झालं."

"कुणाशी?"

"हिच्याशी. तीन बुधवार नुसता बसलो. काय बोलणार? आज हवा बरी आहे, असलं काहीतरी. चौथ्या बुधवारी मिठाचा डबा सापडेना. सगळी फळी पालथी घातली, आणि एकदम ओरडलो, अगं, मीठ कुठे ठेवतेस ते तरी सांगून जायचं होतंस! आणि मग आठवलं, तिने सांगितलं असेल. शंभरदा सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल." गुरुजींनी उपरण्याने तोंड पुसलं. "दीड तास रडलो. शेजारचे आले, त्यांना वाटलं आणखी कुणी गेलं. भाजी अळणीच खाल्ली. रात्री झोप लागली."

पुढच्या सोमवारपासून गुरुजींची ओसरी पुन्हा भरायला लागली.

मग माझं लग्न झालं, मी औरंगाबादला गेले. नाशिकला येणं सुट्टीपुरतं उरलं. पत्र लिहिण्यातले गुरुजी नव्हते आणि मीही नव्हते.

शहाऐंशी साली दिवाळीला आले होते. आई म्हणाली, बाजारातून मेथी आण, म्हणून बुधवारी नदीवर गेले. भाजीवालीच्या पाटीसमोर एक उंचेपुरे गृहस्थ उभे, करड्या मिशा, पोलिसातून रिटायर झाले असावेत असा थाट. त्यांनी शेपूची जुडी दोन बोटांत, उंदीर धरावा तशी धरली होती.

"आवडत नाही वाटतं?" मी विचारलं.

"वास मारतो हो! आयुष्यात कधी खाल्ला नाही." मग खाली बघत म्हणाले, "मिसेस गेल्या. झोप लागत नव्हती. पंचवटीत एक गुरुजी आहेत, त्यांनी अकरा बुधवार सांगितलेत. शेपू आणायचा, स्वतः करायचा, आणि..." पुढचं त्यांना सांगवेना.

"कुठे लिहिलंय म्हणे?"

"शास्त्रात आहे," ते अगदी ठामपणे म्हणाले. "हा सातवा."

मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. मेथी घ्यायची राहिली. वडील आता नव्हते; असते तर पान उलटून गप्प बसले असते, पण मिशीत हसले असते हे नक्की.

आणि मग मला गुरुजीच दिसले. पलीकडच्या पाटीशी उकिडवे बसून जुड्या निवडत होते. शेंडी पांढरी झालेली, चष्मा आलेला, खांद्याला काकूंची ती चौकड्याची पिशवी. मी समोर जाऊन उभी राहिले.

"गुरुजी, माझा विधी चोरलात!"

त्यांनी वर बघितलं. ओळख पटायला क्षणभर लागला, मग भुवई पार कपाळात गेली. "चोरला नाही, मॅडम. परंपरा चालवतोय. आत्तापर्यंत बऱ्याच जणांना दिला. एकाला शेपू आवडायचा, त्याला कारलं दिलं."

"पण तुमचे अकरा बुधवार संपून सहा-सात वर्षं झाली की!"

"संपले. पण मी लग्नापासून सांगायला सुरुवात केली ना," गुरुजी म्हणाले. "एकोणसाठ साली झालं लग्न, आणि रोजचं सगळं राहिलेलं. आत्ता कुठे एकाहत्तर सालापर्यंत आलोय. मध्येच सोडलं तर ती म्हणेल, बसले पुन्हा संध्येला."

"आणि शेपू? आता आवडायला लागला असेल."

"छे! अजून तसाच वास मारतो." जुडी पिशवीत टाकून ते उठले, गुडघ्यावर हात देऊन. "घरी या. मीठ कुठे असतं ते आता माहीत आहे."

ते चढाला लागले. मी खाली उभी राहून बघत होते. गुरुजी मंत्र म्हणताना हात कधी हलवायचे नाहीत. आता मोकळा हात सारखा हलत होता, मधेच थांबून पिशवीकडे बघून काहीतरी सांगत होते, आणि एकदा तर चांगलेच चिडले.